आखात, विशेषणाशिवाय

तिसऱ्या मजल्यावर धोरण असतं, तळमजल्यावर शिक्के.
मी मधल्या जिन्यात, एकवीस वर्षं,
बगलेत फायली, पायांत आवाज न करणारे बूट.
बूट मंत्रालयाचे. दर दोन वर्षांनी नवा जोड मिळतो,
जुना जमा केला तर.

आज सकाळी एकाच ट्रेमध्ये दोन कागद आले.
कुणाच्या तरी जहाजाला आग लागलीय,
दुपारच्या अजानीआधी आपली भूमिका ठरवायची, हा एक.
चहाची किटली यापुढे लिफ्टमधून नेऊ नये, हा दुसरा.
दोन्हींवर खलफान साहेबांची सही, हिरव्या शाईत,
शेपटी तेवढीच लांब.

बद्रिया मॅडमनी मसुद्यात लिहिलं : तीव्र चिंता.
वरून आलं : तीव्र काढा.
मग चिंता एकटीच वर गेली
आणि पातळ होऊन खाली आली :
आम्ही घडामोडींवर लक्ष ठेवून आहोत.
दर खेपेला अठ्ठेचाळीस पायऱ्या.
गुडघ्याला बरोबर कळतं
शब्द गाळला म्हणून कागद हलका होत नाही.

चौथ्या खेपेला समुद्राच्या नावावर गाडं अडलं.
या काठाचं नाव द्यावं तर तो काठ रुसतो,
त्या काठाचं द्यावं तर हा.
सव्वीस नंबरचं जुनं परिपत्रक शोधायला
मला तळघरात पिटाळलं.
कसर लागलेला कागद, पण अक्षर शाबूत :
'फक्त आखात म्हणावे. विशेषण लावू नये.'

तळघरात एकटाच हसलो.
बाप माझा तांडेल, गलबतावर कौलं लादून इकडे यायचा.
घरी विचारलं कुठं होतास, तर म्हणायचा, आखातात.
कुणाच्या, ते त्याला कधी सुचलंच नाही.
पाणी आपल्यापेक्षा खारट आहे म्हणायचा,
आणि दाभोळच्या खाडीत उतरून पाय धुवायचा
जसं काही ते वेगळं पाणी आहे.

परिपत्रक घेऊन वर आलो तेव्हा
फॅक्समधून जहाजावरच्या माणसांची यादी येत होती.
मला वाचायचा अधिकार नाही.
फर्राशानं कागद सरळ करायचे, टाचणी मारायची,
रजिस्टरात वेळ लिहायची.
मी सरळ केले.
सतरावा : रोहिलकर रमाकांत, ऑइलर.
गाव धोपावे, स्पेलिंग चुकलेलं,
पण फेरीबोटीच्या पलीकडचं धोपावे
कितीही चुकवा, मला ओळखू येतं.
पुढचा रकाना 'स्थिती'.
कोरा.

अजानीला पाच मिनिटं असताना निवेदन गेलं.
चांगलं झालं असं सगळे म्हणाले.
कुणाला दुखवलं नाही, कुणाची बाजू घेतली नाही.
बद्रिया मॅडम मात्र खिडकीपाशी
पेनाचं टोपण काढत होत्या, लावत होत्या.
मला म्हणाल्या, अब्दुलगनी, मसुदे फाडून टाक.
फाडले. चारही.
रजिस्टरात लिहिलं : चार. खाली सही : होडेकर.
तीव्र या शब्दाच्या पट्ट्या
बाकीच्या पट्ट्यांत मिसळून गेल्या.

संध्याकाळी किटली जिन्यानं चढवली.
चौदाव्या पायरीवर थोडा चहा सांडला,
तो रुमालानं पुसला.
मग पार्किंगमागच्या भिंतीला टेकून
धोपाव्याच्या फेरीबोटीवर तिकिटं फाडणाऱ्या
माझ्या मेहुण्याचा नंबर लावला.
मंत्रालयात ऐकलेलं मंत्रालयात ठेवावे,
हे पहिलंच परिपत्रक, नोकरीला लागलो त्या दिवशीचं,
अजून घडी करून पाकिटात आहे.

तिकडे बोटीचं इंजिन घरघरत होतं.
कोण बोलतंय, म्हणाला,
अरे बोल ना, गनीभाय आहेस का,
लाइन आहे का तुटली.

मी आहे, म्हटलं.
रोहिलकरांचं घर तुला माहीत आहे का,
ते विचारायचं होतं.