रेडियम

कयाक घेतली तेव्हा रंग मीच निवडला.
दुकानदार पिवळी दाखवत होता, लाल दाखवत होता,
मी हात ठेवला कोपऱ्यातल्या मातकट हिरवीवर.
चौतीस वर्षं तोच रंग हाताखालून गेलेला,
अंबाझरीच्या कारखान्यात, पेंट शॉपला,
पेट्यांवर, झाकणांवर, नळकांड्यांवर.
काम एवढंच, की वस्तू दिसू नये.
निवृत्त झालो तरी नखांच्या कडेला थोडा उरलाच.

वडगावच्या धरणावर तो रंग शोभायचाही.
पहाटे बेशरमाच्या झुडपांलगत गळ टाकून बसलं
की बगळेसुद्धा फसायचे.
एकदा तर एक पाणकावळा
कयाकच्या टोकावर उतरून पंख वाळवत बसला,
माझ्याकडे पाठ करून.
मला वाटलं, जमलं.

मग डिसेंबरातली ती धुक्याची सकाळ.
मासळीच्या पिंजऱ्यांकडे खाद्य घेऊन निघालेली इंजिनाची बोट.
आधी आवाज, मग नाक,
मग गोवर्धन दिघोरेचं वासलेलं तोंड.
हातभरावरून वळली.
लाटेनं डबा गेला, गळ गेला, चष्मा गेला.
"काका, दिसूनच नाई रायले ना तुमी!
मले वाटलं, लाकूड वायून रायलं."
त्यानंच मला काठाशी ओढून आणलं, बिडी दिली.
काडी पेटेना. हात त्याचाच थरथरत होता.
"पान्यावर दिसा लागते ना बाप्पा,"
एवढं म्हणाला आणि बराच वेळ गप्प बसला.

कुंदाला सांगितलं,
चष्मा पडला. वाकलो होतो, पडला.

दुसऱ्या दिवशी वाडीला,
ट्रकच्या गॅरेजांच्या रांगेत इर्शाद रेडियमवाल्याकडे.
"काय लिहायचं?"
काही नाही. नुसत्या पट्ट्या. लांबून चमकतील अशा.
तो हसला. "लोक येतात नजर लागू नये म्हणून,
तुम्ही आले नजर पडावी म्हणून."

कयाक अंगणात उलथी घातली, मग सुलटी.
बूड तसंच ठेवलं.
मासा खालून बघतो, माणूस वरून.
वरच्या कडांना पट्ट्या, पुढं पांढऱ्या, मागं लाल.
वल्ह्याच्या दोन्ही पात्यांना भडक नारिंगी,
कारण हलतं ते आधी दिसतं;
एक पातं पाण्यात असेल तेव्हा दुसरं वर असेल.
पाठीमागं प्लास्टिकच्या पाइपाची काठी, पुरुषभर,
तिच्या शेंड्याला कळमन्याच्या बाजारातली
संत्र्यांची रिकामी जाळीची पिशवी.
झेंडा म्हणावा तर झेंडा नाही,
पण वारा तिच्यात भरतो.

ब्रश टेकवताना मात्र हात अडखळला.
इतका उजेड एकदम कधी लावला नव्हता कशालाच.
दोनदा पुसून काढला.
तिसऱ्यांदा डोळे मिटून ओढला पहिला फराटा,
वाकडा आला. राहू दिला.

कुंदा तांदूळ निवडत ओसरीवर.
"ही वरात कोणाची?"
मी म्हटलं, सुरक्षेसाठी असतं हे.
तिनं सूप खाली ठेवलं.
"चष्मा कसा पडला ते सांगा आता."

सांगितलं.
ती आत गेली आणि आली ती
स्वतःची जुनी केशरी ओढणी घेऊन.
"पिशवी फाटेल ती. ही बांधा.
आणि टोपीही बदला. डोकं अजून झाडावानी दिसते तुमचं."

आता जातो तेव्हा
धरणाच्या भिंतीवरची पोरं बोट दाखवतात.
गोवर्धन लांबूनच हात वर करतो.
पहिल्या दिवशी मी मागं वळून पाहिलं,
कोणाला करतो म्हणून.

मासळी तेवढीच. दोन रोहू, एक मरळ सुटली.
पाणकावळा काही परत आला नाही.
लांबच्या खुंटावर बसलेला असतो,
आणि माझ्याकडे तोंड करून असतो.