आधी वीज, मग आवाज

लॅमिंग्टन रोडवर दामजीभाईंनी विचारलं,
"ताई, रेडिओ दुरुस्त करायचाय?"
म्हटलं, नाही. आवाज बनवायचाय.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला
आणि पोऱ्याला म्हणाले, चहा सांग.

माझा धंदा दातांचा. माझगावच्या लॅबमध्ये
एकोणीस वर्षं कवळ्या घडवते: मेण, साचा, पॉलिश.
माझं काम लोकांच्या तोंडात बसून जेवतं,
भांडतं, आरती म्हणतं. मला त्यातलं काही ऐकू येत नाही.
फक्त ते बाप्तिस्त, ट्रम्पेटवाले,
तीनदा कवळी परत घेऊन आले: "हवा निसटते, बाई."
चौथ्यांदा लॅबमध्येच उभ्या उभ्या एक सूर फुंकला
आणि फळीवरचे प्लास्टरचे जबडे थरथरले.
तेव्हापासून हे डोक्यात आहे.

किट निवडताना मी चुकले.
जिथे जास्त बटणं, जास्त दिवे, तिकडेच हात गेला.
ऑसिलेटर उचलला. दामजीभाई म्हणाले,
"आणि ह्याला वीज? पॉवर सप्लाय? पेटी?
तुम्ही नळ घेतला, ताई, टाकी नाही घेतली."
मी मान डोलावली
आणि नळच घेऊन घरी आले.

पगारापर्यंत तो श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात पडून होता.
मी रंग पाठ केले.
काळा तपकिरी लाल नारिंगी पिवळा हिरवा
का-त-ला-ना-पि-हि-नि-जां-रा-पां
कुठल्याच देवाचं नसलेलं हे स्तोत्र
भांडी घासताना, लिफ्टची वाट पाहताना.
मोरेश्वर म्हणाला, "कुणाची दृष्ट काढतेयस?"

मग ओट्यावर, जेवणं आटोपल्यावर, डाग द्यायला बसले.
डाग हा शब्द आजवर धुण्याचा होता माझ्यासाठी.
इथे तो द्यायचा असतो,
तापल्या तांब्याला कथील टेकवून, एक दोन, उचल.
चकाकला तर बसला.
काळवंडून गोळा झाला तर खोटा, पुन्हा कर.
हात माझे सवयीचे. सुळ्याच्या टोकाला
केसाएवढं मेण लावणारे हात.
डोळे मात्र पिवळ्या बल्बखाली फसले:
लाल पट्टा, नारिंगी पट्टा,
दहा हजारांच्या जागी एक हजार बसला
आणि मला कळलंच नाही.

गुरुवारी रात्री एक वाजता सप्लाय जोडला.
आधी हुंगलं. जळका वास नाही.
मग बटण फिरवलं.

काय वाजलं सांगू?
आमच्या लॅबचं ड्रिल. हुबेहूब.
एकोणीस वर्षं ज्या आवाजाने माझे कान भरले
तोच मी ओट्यावर पुन्हा घडवला होता, साडेतीन हजार खर्चून.
मोरेश्वर उठून आला. हसला नाही, ते बरं केलं.
मी बटण उलटं नेलं. ड्रिल उतरत गेलं,
डास झालं, मग फ्रीज,
मग असं काही की स्टीलच्या ताटल्या फळीवर कुजबुजल्या.

एका व्होल्टला एक सप्तक चढायला हवं.
माझं अडीच स्वर चढतं आणि धाप लागल्यासारखं थांबतं.
मीटर लावून तो लाल पट्टा सापडला शेवटी.
अजून काढलेला नाही. काढेन.

त्याहून दुसरंच खटकतंय.
हा थांबत नाही.
बाप्तिस्त फुंकायचे, मग श्वास घ्यायचे,
त्या श्वासात साचे पुन्हा स्थिर व्हायचे.
ह्याला श्वास नाही, सुरुवात नाही, शेवट नाही,
वीज आहे तोवर हा आहे.
खालच्या मजल्यावरच्या कुलसुमबींनी विचारलं,
"पानी का मोटर रातभर चालू था क्या?"

शनिवारी पुन्हा दुकानात गेले.
दामजीभाईंनी चष्मा कपाळावर नेला.
"टाकी मिळाली?"
मिळाली.
"मग आता काय देऊ?"
म्हटलं, आता ते द्या
ज्याने तो गप्प बसतो.