जुन्या रजिस्टरची मागची पानं

सात वाजता बाणेरच्या गेटवरून सुटतो,
दोन बस बदलून जनता वसाहतीच्या पायऱ्या चढेपर्यंत
कालिंदा चपला घालून दारात.
"चहा झाकलाय. दूध पिली नाही अजून."
एवढंच बोलणं.
आमचा संसार उंबऱ्यावर भेटतो,
एकाची पाळी सुटते, दुसऱ्याची लागते.

मग मी आणि ईश्वरी. दोन वर्षं, तीन महिने.
मी झोपायचं असतं. तिला ते मान्य नसतं.
बोटांनी माझी पापणी वर करते,
आत डोकावते, विचारते, "कोन हाय?"
रात्रभर मी हेच विचारत बसलेला.
सांगतो, "विश्वंभर. फ्लॅट नंबर नाही."
ती जरा विचार करते.
आत सोडते.

गेल्या महिन्यात अंगणवाडीच्या ताईंनी
निळ्या झोळीत टांगून तिचं वजन केलं,
काटा नऊ किलो आठशेवर थरथरत राहिला.
"शब्द किती बोलते? आईला विचारून या."
म्हटलं, "आई चार घरची भांडी घासते, ताई.
दिवसा माझ्याकडे असते. मला विचारा."
त्यांनी विचारलं.
आणि शंभर फ्लॅटांच्या गाड्यांचे नंबर पाठ असलेला माणूस
पोरीच्या शब्दांवर अडला.

त्याच आठवड्यात सोसायटीचं भरलेलं रजिस्टर
रद्दीत निघालं. मी पिशवीत घातलं.
मागची अकरा पानं कोरी,
रकाने आखलेलेच:
नाव. कुठून आले. आत. बाहेर.

आई: घरातूनच.
पानी: नळावरून, नऊ दहा.
बुबू, म्हणजे कुत्रं: पायऱ्यांवरून.
बॅटी, म्हणजे बॅटरी: माझ्या खिशातून.
नको: कुठून आला कळलं नाही.
दिवसातून चाळीसदा येतो, नोंद एकदाच केली.

लिहायला लागल्यावर ध्यानात आलं,
शब्द असे आपणहून वर चढून येत नाहीत,
आणायला जावं लागतं.
म्हणून खांद्यावर घेऊन कॅनॉलच्या कडेनं निघालो,
डोळ्यांत रात्रीची वाळू.
बगळा दाखवला. वाळत घातलेली गोधडी दाखवली.
ती बगळ्याला गोधडी म्हणाली.
तेही लिहिलं.

गल्लीतला दिगंबर नळापाशी हसला,
"काय रं, बायकोनं कामाला ठेवलाय व्हय?"
मी मान खाली घालून चाललो होतो.
खांद्यावरून ही त्याच्याकडे बोट करून म्हणाली, "काका."
काका: नळापासून, अकरा पाच.
दुसऱ्या दिवशी तोच दारात,
"माझं लिहिलंस का? दाखव."

माझा बाप कोयत्यावर जायचा.
मला उद्देशून तो काय काय बोलला
हे मी एकदा ड्यूटीवर मोजलं, पहाटे तीनला.
सात वाक्यं निघाली.
त्यातली पाच, "सरक."
त्याच्यावर राग नाही. त्यालाही कुणी
वही दिली नव्हती.

मी काही फार चांगला आहे असं नाही.
कधी मोबाइल तिच्या हातात देतो
आणि भिंतीकडे तोंड करून पडतो.
त्या दिवसाची ओळ कोरी ठेवतो.
खोटी नोंद कधी केली नाही,
गेटवर नाही, इथंही नाही.

काल दुपारी तिनं माझा खिसा चाचपला,
आणि सगळी अक्षरं जागच्या जागी ठेवत म्हणाली,
"बॅटरी."
मला आनंद व्हायला हवा होता. झालाही.
पण मग बॅटी?
पुन्हा विचारलं, मुद्दाम चुकीचं बोलून पाहिलं,
"बॅटी कुठाय, बॅटी?"
ती हसली माझ्यावर. "बॅटरी, पप्पा."

रजिस्टर उघडलं.
बॅटी. बाहेर: बारा वीस.
नियमच आहे, गेलेल्याची वेळ टाकावी लागते.
सहीच्या जागी तिनं पेन ओढून एक रेघ मारली,
ती पार पानाबाहेर, फरशीवर गेली.

नंतर दोघंही झोपलो.
बॅटरी तिच्या मुठीत चालूच राहिली,
भर दुपारी,
सेल संपेपर्यंत.