बारा हातांची अब्रा

पहिल्या दिवशी कागदावर नुसती होडी होती.
ती मीच काढली, टी-स्क्वेअर लावून.
बावीस वर्षं एसीच्या डक्टचे नकाशे काढणाऱ्या हातानं
निघेल तशी: सरळ, कोरडी, मापात.
मधोमध लांब बाकडं, वर ताडपत्री.
मग प्रदर्शनाच्या हॉलमध्ये टेबलाटेबलाशी उभा राहिलो,
गळ्यात पास, काखेत फोल्डर,
आणि प्रत्येक कॉमिकवाल्याला तेच सांगितलं:
एक उतारू बसवा. कोण, ते तुम्ही ठरवा.

रोडेलनं साठ दिरहम घेतले
आणि बशीएवढ्या डोळ्यांची नर्स बसवली,
रात्रपाळी संपवून निघालेली, तरी डोळ्यांत चांदण्या.
तिच्या शेजारी इद्रीसचा महानायक,
छाती दाराएवढी,
पण केप बाकड्याच्या खिळ्यात अडकलेली.
"म्हणून तर होडीनं चाललाय," इद्रीस म्हणाला. हसला नाही.
मेहरनाझनं पाठमोरी बाई काढली.
चेहरा हवा तर दुप्पट, म्हणाली.
तेवढे नव्हते माझ्याकडे.
शिबूनं फक्त मासळीची टोपली ठेवली.
माणूस कुठाय, विचारलं
तर म्हणे, खाली वाकलाय, चप्पल शोधतोय.

माहेरनं सुटकेस कवटाळलेला म्हातारा काढला,
डोक्यावर बोलण्याचा फुगा, आत काही नाही.
"शब्द पुढच्या वर्षी टाकतो."
पुढच्या वर्षी त्याच्या टेबलाशी दुसराच कोणी
मगांवर मांजरं छापून विकत होता.

आणखी सहाजण झाले. फोल्डरची चेन तुटली.
खोलीतला दिगंबर म्हणाला, बारभाईंचा कारभार हा,
एवढ्यात गावी विहिरीवर मोटर बसली असती.
खोटं नव्हतं त्याचं.
शिवाय प्रत्येकाचा सूर्य निराळ्या बाजूला:
नर्सची सावली डावीकडे, महानायकाची पायाखाली,
म्हाताऱ्याला तर सावलीच नाही.
एकाची नजर दुसऱ्याला मिळेना,
जणू सगळे बसलेत एकेकट्याच्या होडीत.
आणि पाणी काढायला कोणी तयार नव्हतं.

शेवटी मैथा, कॉलेजातली पोर.
दोन तास मान न उचलता आडव्या रेघा ओढत बसली
आणि त्या रेघांत तिनं सगळ्यांना थोडं थोडं मोडलं:
केपची लाट, डोळ्याचा तुकडा,
बाईची पाठ, उलटा रिकामा फुगा,
कुठं कोण संपतं ते कळेनासं.
पैसे पुढं केले तर मागं सारले.
पणजोबा मोत्यांसाठी बुड्या मारायचे, म्हणाली,
पाण्याचे काय घेऊ?

त्या संध्याकाळी देऱ्याहून परतताना
खऱ्या अब्रेत बसून फोल्डर उघडला.
इंजिनाची धडधड मांडीवरच्या कागदात उतरत होती,
चित्रातलं पाणी हलल्यासारखं वाटलं,
आणि तेव्हा दिसलं.
बाराजणांनी माणसं बसवली, सामान ठेवलं, खाडी भरली.
नाखवा कुणीच काढला नाही.
तो उभा राहतो तो मधला खड्डा
मी आखलाच नव्हता.
मी, हर्णैच्या बंदरात वाढलेला.

समोरच्या खड्ड्यातून नूरुल वाकला,
पायानं सुकाणू तसंच धरून.
रोज सकाळ-संध्याकाळ मला पलीकडे नेणारा नूरुल,
त्याचं नाव मला तीन वर्षांपूर्वी कळलं.
त्यानं चित्र नीट पाहिलं,
मेकॅनिक गाडी पाहतो तसं.
"डावीकडे माणसं जास्त झाली," म्हणाला.
"धक्क्याला लावताना कलंडेल."

दाखवताना बोट टेकलं होतं
बाकड्याच्या बरोबर मध्यावर.
तेलाचा काळा डाग राहिला तिथं, भिजत, पसरत.
खोडरबर खिशात होतं माझ्या.

बर दुबईचा धक्का आला.
एक दिरहम दिला.
त्यानं न पाहताच डब्यात टाकला,
नजर समोरून येणाऱ्या होडीवर.