दुतोंड्याच्या कुठपर्यंत

सेंटरचा फॉर्म माझ्याकडे आला.
प्रेसमध्ये सेकंड शिफ्ट, सकाळ मोकळी,
आणि अक्षर माझं बरं.
पाल्याचं नाव : शार्दूल. वय : नऊ.
बोलताना डोळ्यांत बघतो का?
नाही.
चेष्टा कळते का?
उशिरा. बहुतेक घरी आल्यावर.
चार माणसांत गेल्यावर काय करतो?
खुर्च्या मोजतो, असं लिहिलं
आणि पेन थांबलं.
खुर्च्या मी मोजतो.
मेव्हणीच्या लग्नात, औरंगाबाद नाक्याच्या लॉन्सवर,
चारशे बारा. त्यात अठरा मोडक्या.

सासऱ्यांच्या दहाव्याला रामकुंडावर
कावळा शिवेना. सगळे हात जोडून.
मी घड्याळ बघून म्हणालो, "सदतीस मिनिटं झाली."
मृणाल दोन दिवस बोलली नाही.
मला वाटलं, घसा बसलाय.
आल्याचा काढा केला.
तिने तो प्यायलासुद्धा.

गायधनी मॅडम चेहऱ्यांची कार्डं दाखवतात :
हा रागावला, हा घाबरला, हा नुसता दमला.
शार्दूल कार्डांचे कोपरे जुळवत बसतो.
मी मागच्या बाकावर मनात उत्तरं देतो.
दहापैकी सहा.
आणि प्रेसमध्ये शीटवरची केसाएवढी चूक
मला लांबून दिसते.

ऑगस्टात गंगापूर धरणातून पाणी सोडलं.
अख्खं गाव पुलावर, आम्ही तिघं कठड्याशी.
"दुतोंड्याच्या कुठपर्यंत?" मागून कुणीतरी.
"कमरेच्या वर. सकाळी गुडघ्याला होतं."
शार्दूल. अनोळखी माणसाला.
मग तो वळला,
आईच्या तोंडाकडे नाही, ओढणीच्या टोकाकडे बघत
त्याच आवाजात म्हणाला,
"आईच्या कुठपर्यंत?"

मृणालने हात वर नेला, सावकाश,
गळ्याशी आणून ठेवला.
"इथपर्यंत."

बारा वर्षं मी शेजारी उभा होतो.

आता रात्री शिफ्टवरून आलो की
चप्पल काढता काढता विचारतो.
कधी घोटा. कधी गुडघा.
कधी ती न बोलता खांद्याला बोट लावते,
मग मी भांडी घासायला घेतो
आणि किती वाजले ते सांगत नाही.
शार्दूलला विचारलं तर तो क्युसेक सांगतो.

परवा तिने मलाच विचारलं.
मी खाली पायांकडे बघितलं, अगदी प्रामाणिकपणे.
कोरडे होते.
"बाबाच्या मागच्या तोंडाला लागलंय पाणी,"
वहीतून मान न उचलता शार्दूल म्हणाला,
"ते समोरून दिसत नाही."

फॉर्म अजून द्यायचा राहिलाय.
तिसऱ्या पानावर खुर्च्या
तशाच आहेत.