सत्त्याऐंशी अंशांचं दार

ग्युम्रीत डिसेंबरचे चार वाजून गेले की अंधारून येतं.
मोज्यांच्या बंद कारखान्यात, तळमजल्यावर,
आमचं वर्कशॉप तेवढं उजळ.
लेझर कटर घसा खाकरतो,
जळक्या प्लायवूडचा वास स्वेटरात शिरतो,
आणि घरी आई विचारते, कुठे शेकोटी केलीत?

पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी कीचेनच केल्या.
वाझगेननं स्वतःचं नाव कापलं, ते उलटं निघालं,
आता तो आरशातच ओळख देतो.
मी एक ड्रोन आखायला घेतलं. अजून आखतोय.
नाझेली आली ती खिशात सुतळी घेऊन,
सुतळीला तीन गाठी.
"मुशेघकाकांचं दार," म्हणाली.

मुशेघकाका डोमिकमध्ये राहतात,
भूकंपानंतर तात्पुरता म्हणून मिळालेला लोखंडी डबा.
त्याचं तात्पुरतेपण आमच्या वयाच्या दुपटीहून मोठं.
दार लागत नाही.
बर्फ आत येऊन बसतो पाहुण्यासारखा,
जोडे न काढता.

नाझेलीनं चौकट आखली.
कर्सर जरा तिरका नेला
की सॉफ्टवेअर दंडाला धरून सरळ उभं करी,
नव्वद. नव्वद. पुन्हा नव्वद.
सुतळी म्हणत होती सत्त्याऐंशी.
सिरानुशबाई मागून आल्या,
कोपऱ्यातली एक बारीक खूण काढून टाकली,
"आता ते तुझं ऐकेल. तू घराचं ऐक."

पहिली खिट्टी सैल. कारण आगही आपला घास घेते,
दोन दशांश मिलिमीटर.
सुताराची करवत निदान भुसा पाडून कबूल करते,
ही धूर करून पळते.
दुसरी घट्ट. तिसरी बसली.

आम्ही सहाजण गेलो बसवायला, स्क्रू माझ्या तोंडात.
नाझेलीनं दार लोटलं.
टक्.
वारा बाहेर राहिला. आम्ही टाळ्या वाजवल्या.
मुशेघकाकांनी वाजवल्या नाहीत.
त्यांनी दार उघडलं, लावलं.
उघडलं, लावलं, उघडलं.
मग उघडंच धरून उभे राहिले.
"छान झालंय, पोरी.
पण इतकं नको लागायला.
त्या दिवशी चौकटी वाकल्या आणि दारं..."
हातानं हवेत काहीतरी ठोठावलं.
"कॉफी ठेवू का?"

परतताना कुणी बोललं नाही.
नुसते बूट, बर्फात.

दुसऱ्या दिवशी तिनं खिट्टी पुसून टाकली.
तिच्या जागी एक जीभ, पातळ, लवणारी,
वाऱ्याला नाही म्हणेल
पण आतून एका बोटाला हो.
एका बोटाला म्हणजे किती?
स्वयंपाकाचा काटा आणला, ओळीनं सगळ्यांनी बोट दाबलं.
माझं बोट साडेआठशे ग्रॅम, वाझगेननं आकडा फुगवला.
शेवटी ती शेजारची चार वर्षांची आरेव घेऊन आली,
नाक गळत होतं तिचं, काट्यावर बोट ठेवून म्हणाली, थंड आहे.
तीनशे दहा.
"हेच," नाझेली म्हणाली. "हेच धरायचं."

सहा जिभा तुटल्या.
सातवीसाठी वाझगेननं स्वतःच्या नावासाठी जपलेलं
निळं नायलॉन दिलं, कुरकुरत.

आता दार लागतं आणि लागत नाही.
रात्री मध्येच जाग आली
की मुशेघकाका एका बोटानं बघतात म्हणे,
जरासं उघडतात, पुन्हा लावून झोपतात.
पैसे विचारले त्यांनी. बाई म्हणाल्या, वाटीभर अक्रोड.
त्यातले निम्मे किडके होते, तेही आम्ही खाल्ले.

माझं ड्रोन स्क्रीनवर तसंच, चारी कोपरे नव्वद.
बघवत नाही हल्ली.

आणि नाझेली म्हणते, काम झालेलं नाही.
वसंतात बर्फ वितळला की डोमिकखालची माती खचते,
सत्त्याऐंशीचं शहाऐंशी होईल.
सुतळी अजून तिच्या खिशात आहे,
चौथ्या गाठीपुरती जागा ठेवून.