मानस

वाळपयहून पहिली बस, जुन्या गोव्यात दुसरी,
रायबंदरला फेरीबोट,
मग चोडणच्या बांधावरून पायी.
सहा महिने. थोडं मानधन, एक टोपी,
दोन अंक मोठे गमबूट,
शेवटी प्रमाणपत्र.
बाबा म्हणाले, "कसलं? चिखलाचं?"

बाबांचा टिपर परसात उभा आहे
खाण बंद पडल्यापासून.
त्याच्या हौद्यात आईनं अळू लावलंय.
बाबा अळूची भाजी खात नाहीत.

पहिल्या दिवशी मॅडमनी पडद्यावर दाखवलं:
स्लुइस गेट. आकृती एक, आकृती दोन.
आम्ही बाराजणांनी उतरवून घेतलं.
दुपारी बांधावर इनास कुतिन्यो उभा होता,
गुडघ्यापर्यंत चिखल, तोंडात न पेटवलेली विडी.
म्हणाला, "ही मानस."

मला वाटलं, चुकीचं ऐकलं.
मानस म्हणजे मन,
बारावीच्या पेपरात समानार्थी शब्दाला एक मार्क.
इथे मत्तीच्या लाकडाच्या दोन फळ्या.
भरती आली की मिटतात,
ओहोटीला उघडतात.
कुणी ढकलावं लागत नाही.

"आणि मिटल्या नाहीत तर?" नेव्हिलनं विचारलं.
इनासनं पलीकडच्या शेताकडे बोट केलं.
तीन पावसाळे तिथे भात नाही.
नुसतं मीठ, उन्हात चकाकणारं,
ताट घासून पालथं घालायला
कुणी विसरल्यासारखं.

कुर्लीचं बीळ टाचेनं ओळखायचं.
चिखलाचा गोळा मारताना मनगट नाही, खांदा फिरवायचा.
कांदळाची शेंग उभी खोचायची,
आणि खोचल्यावर बघत बसायचं नाही, तिला लाज वाटते
(हे अभ्यासक्रमात नाही).
पाण्याचा खारटपणा मी यंत्रातून बघून सांगते,
इनास चाखून सांगतो.
एकदा त्याचं चुकलं.
हसला, यंत्र हातात घेतलं,
उलट्या बाजूनं डोळ्याला लावलं
आणि बराच वेळ काहीतरी पाहत राहिला.

नेव्हिल मध्येच सोडून गेला.
तारवटी होतो म्हणाला, आजोबासारखा.
जाताना गमबूट मला दिले.
माझ्या मापाचे होते.

पाचव्या महिन्यात हजेरीपट माझ्याकडे आला,
अक्षर चांगलं म्हणून.
प्रशिक्षणार्थी अकरा.
तज्ज्ञ व्याख्याते दोन.
इनास सापडेना.
पान उलटल्यावर सापडला, घमेली, फावडी, दोर यांच्या खाली:
अकुशल मजूर, एक.

पेन झटकलं.
खाडाखोड नको, असं वर लिहिलेलंच होतं.
शाईचा एक डाग तेवढा पडू दिला,
नेमका 'अ'वर.

शेवटच्या आठवड्यात बाबा आले, न सांगता,
इस्त्रीच्या शर्टात.
बांधाच्या टोकाला थांबून
ड्रायव्हरच्या नजरेनं पाहिलं: उतार, रुंदी, वळण.
"भराव किती?"
मी होड्यांत मोजून सांगितला.
"लोड कुठून येतो?"
"भरतीला बाहेरून. पावसात आतून."
त्यांनी मान हलवली,
जशी फक्त चांगल्या मेकॅनिकपुढे हलवायचे.

नोकरीचं विचारलं नाही त्यांनी.
मलाही सांगता आलं नसतं.
जागा निघतील म्हणतात, निघाल्या तर.
इनासनं विडी पुढे केली.
दोघे पाय सोडून बसले, एकमेकांची भाषा
अर्धी अर्धी कळत.

पाणी वळलं.
मागच्या अवसेला मी बसवलेल्या फळ्या
जराशा कुरकुरल्या
आणि मिटल्या.

डावी अजून थोडी अडकते.
उद्या बघते.